भरवशाच्या माणसाचा नंबर

भूगोलसरांचा फोन चोरीला कधी गेलाच नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढच्या आठवड्यात हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना इतक्या परीने सांगितलं, की शेवटी शेवटी त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास राहिला नव्हता.

सुरुवात सरकारने केली. आदेश निघाला, की महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये चोरबंदी चालू करावी, नाहीतर नंबर बंद. चोरबंदी म्हणजे काय, तर फोन चोरीला गेला की एका ठरावीक नंबरवर कळवायचं. लगेच फोन असेल तिथे बंद पडतो, चोराच्या हातात नुसता ठोकळा राहतो, आणि आठव्या दिवशी सकाळी आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. कल्पना उत्तम होती. चोरांचा विचार इतक्या बारकाईने केला होता, की विसराळू माणसं नावाचीही एक जमात असते, याचा विचार करायला बहुधा वेळच उरला नसावा.

सरांनी चोरबंदीचा अर्ज शिक्षकांच्या खोलीत मोकळ्या तासाला भरला. तिथे त्यांची खुर्ची खिडकीशी आहे. सरांना खिडकी मिळाली की सर संपले. "यांना एक खिडकी द्या, बाकी संसार मी बघते," असं त्यांची बायको लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून म्हणत आली आहे. तर एक डोळा ढगांवर आणि एक अर्जावर ठेवून सर शेवटच्या रकान्यापर्यंत आले. तिथे विचारलं होतं: 'जिचा नंबर तुम्हाला तोंडपाठ आहे अशी एक भरवशाची व्यक्ती. फोन उघडण्याचा कोड हिच्याकडे जाईल.' सरांना साऱ्या जगात एकच नंबर तोंडपाठ होता. तो त्यांनी लिहिला आणि दोन्ही डोळे ढगांकडे वळवले.

आता ढगांचं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. सरांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, शहराच्या पश्चिम टोकाला राहायचे. ढग आधी दादांच्या गच्चीवरून जायचे आणि साधारण अर्ध्या तासाने सरांच्या डोक्यावर यायचे. दादा रोज सकाळी साडेसहाला फोनवर आपल्या आवाजात निरोप पाठवायचे. "ऐक रे. दोन मोठे काळे निघालेत, एक पोकळ आहे. छत्री ने. बाकी ठीक." एवढंच. कधी तब्येतीची चौकशी नाही की घरच्यांची खुशाली नाही. दोघा भावांचं सगळं प्रेम हवामानातूनच चालायचं. सर उलट लिहून पाठवायचे: 'तुझे काळे पोचले. पोकळ वाटेत विरला.'

दीड वर्षापूर्वी दादा गेले. चारशे अकरा निरोप फोनमध्ये राहिले. सर रोज सकाळी त्या त्या तारखेचा जुना निरोप ऐकत आणि तोच पाळत. त्यामुळे लख्ख उन्हात ते छत्री घेऊन शाळेत जाताना दिसायचे, कारण दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी दादांकडे आभाळ भरून आलं होतं. बायको काही म्हणत नसे. छत्री तीच हातात आणून द्यायची.

तिला एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. सर अजूनही रोज सात वाजता गच्चीत जाऊन दादांच्या नंबरवर ढगांच्या दोन ओळी लिहून पाठवायचे. कुठे पोचतात, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. भूगोल शिकवणाऱ्या माणसाने निदान एवढं तरी विचारायला हवं होतं, पण नाही विचारलं.

तर गुरुवारचा शेवटचा तास, सातवीचा वर्ग. सरांनी महासागरांचा मोठा नकाशा टेबलावर पसरला. नकाशा जुना, जन्मभर गुंडाळीत राहिलेला, त्यामुळे हात सुटला की पुन्हा गुंडाळला जाणारा. सरांनी त्यावर फोन ठेवला, बरोबर प्रशांत महासागराच्या मध्यावर. प्रवाह शिकवता शिकवता ते स्वतःच थोडे वाहवत गेले, घंटा झाली, आणि सरांनी नकाशा होता तसा गुंडाळला, दोरी बांधली, कपाटात ठेवला आणि घरी आले. प्रशांत महासागर आपल्या पोटात एक फोन घेऊन शांतपणे कपाटात उभा राहिला.

घरी आल्यावर खिसे चाचपले. मग पिशवी, मग बायकोची पिशवी, मग कारण नसताना बुटांचा कप्पा. बायकोने आपल्या फोनवरून रिंग दिली. पण वर्गात जाताना सर फोनचा आवाज बंद करतात, या एका बाबतीत ते अगदी काटेकोर आहेत. तेवढ्यात समोरच्या दारातले ओव्हरसियर आले. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण देखरेख सुटलेली नाही. दुसऱ्याच्या घरात काही हरवलं, फुटलं, गळलं, की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं.

"कधी बघितला होता शेवटचा?"

"वर्गात… नाही, बसमध्ये वेळ बघितली बहुतेक," सर म्हणाले. वास्तविक बसमध्ये त्यांनी ढग बघितला होता आणि त्यावरून वेळ ताडली होती.

"बस! संपलं! गर्दीत मारला. सर, पहिला तास सोन्याचा असतो. चोर आता तुमचा फोन उघडून बसलाय. सगळं वाचतोय. सगळं ऐकतोय!"

'ऐकतोय' म्हटल्यावर सरांचा हात नकळत रिकाम्या खिशाकडे गेला. कुणीतरी परका माणूस दादांचे ढग ऐकतोय, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

"शाळेत एकदा बघून आलो असतो," ते क्षीणपणे म्हणाले.

"अहो, तोवर चोर सीमा ओलांडेल!" कुठली सीमा ते ओव्हरसियरांनी सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच्या फोनवरून तो ठरावीक नंबर लावून सरांच्या कानाला लावला आणि सरांनी, जे विचारलं त्याला होय होय म्हणत, आपलाच फोन कायदेशीररीत्या चोरीला पाठवून दिला. ओव्हरसियर चहा पिऊन गेले. 'पुसलं जाईल' हे शब्द सरांना ते गेल्यावर आठवले, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सातवीच्या वर्गात महासागर पुन्हा उलगडला. फोन घरंगळत टेबलावरून खाली पडला आणि अतिशय गोड बाईच्या आवाजात, शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "सावधान. हा फोन चोरीचा आहे. तो ज्याच्या हातात आहे, त्याने तो मालकाला परत करावा."

सरांनी तो झडप घालून उचलला. बाकी बंद असला तरी धक्का बसला की पुन्हा बोलायचं, अशी त्याची रचना होती. "सावधान. हा फोन चोरीचा आहे." पहिल्या बाकावरच्या मुलीने अगदी मनापासून विचारलं, "सर, कुणाचा घेतलात?" तेवीस वर्षांची नोकरी, एक दिवस रजेशिवाय दांडी नाही, आणि चाळीस मुलांसमोर ही वेळ. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी सरांना लाज कमी आणि आनंद जास्त झाला होता. दादा सापडले होते.

घरी येईपर्यंतच्या प्रवासाबद्दल सर कधी बोलत नाहीत. बस प्रत्येक खड्ड्याला उडायची आणि पिशवी बोलायची. दोन थांब्यांनंतर सरांच्या शेजारची जागा रिकामी झाली, मग पुढची, मग मागची. उतरताना कंडक्टरने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की सर गरज नसताना म्हणाले, "माझाच आहे." "सगळे तेच म्हणतात," कंडक्टर म्हणाला.

बायकोने फोन टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवला. शेजारून कुणी जिना जोरात चढला तरी डब्यातून गोड, पिठाळलेला आवाज यायचा. "सापडला ना? आता उघडून घ्या," ती म्हणाली. सोपं वाटत होतं तिला. सरांनाही वाटत होतं.

पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मग रजिस्टर उघडलं.

"चोराचं नाव?"

"चोर नाही हो. फोन नकाशात होता."

"मग चोरी कशी झाली?"

"झालीच नाही."

"म्हणजे तक्रार खोटी." हवालदाराने दुसरं, जास्त जाड रजिस्टर जवळ ओढलं. "खोटी तक्रार हा गुन्हा आहे."

"नाही, नाही! तक्रार खरी होती. चोरी खोटी होती."

"सर, तुम्ही शिकलेले आहात," हवालदार दुःखाने म्हणाला. "फोन परत मिळाल्याचा दाखला पाहिजे तर चोर लागतो. चोर नसेल तर तुम्ही लागता."

शनिवार असा गेला. रविवारी ओव्हरसियर म्हणाले, "मी असतो तर कुणाचंतरी नाव ठोकून दिलं असतं," आणि सरांनी आयुष्यात प्रथमच त्यांच्या तोंडावर दार लावलं. सोमवारी हवालदार पंचनामा करायला शाळेत आला. नकाशा टेबलावर पसरला, गुंडाळला, पुन्हा पसरला. फोन ठेवून बघितला. फोन बोलला. हवालदार हळूहळू त्या निळ्या रंगात हरवल्यासारखा झाला. "एवढं पाणी आहे होय जगात," तो म्हणाला. मग सरांनी त्याला प्रवाह दाखवले, वारे दाखवले, ढग कसे होतात ते सांगितलं. तासाभराने हवालदाराने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सदर फोन प्रशांत महासागरात गहाळ होऊन त्याच ठिकाणी मिळून आला. कोणावर संशय नाही.' आणि खाली सही केली. चांगला माणूस होता.

हा दाखला घेऊन सर फोन सुरक्षा कक्षात गेले. मंगळवारी खिडकी चुकली. बुधवारी खिडकी बरोबर होती, पण आतल्या बाई रजेवर होत्या. गुरुवारी दुपारी सरांचा नंबर आला, तेव्हा सातवा दिवस अर्धा संपला होता आणि उद्या सकाळी दादांचे चारशे अकरा निरोप पुसले जाणार होते. बायको बरोबर होती. कोड तिच्याच फोनवर येणार, हे तिने गृहीत धरलं होतं. तिने फोन हातात घेऊन, चष्मा लावून तयारच ठेवला होता.

सरांना मात्र वाटेत, बसमध्ये, आपण त्या रकान्यात काय लिहिलं होतं ते आठवलं होतं. कक्षात आल्यापासून ते छताकडे बघत होते. छतावर ओलीचा एक मोठा डाग होता, एखादा खंड असावा तसा, आणि सरांना मनापासून तिथे जाऊन राहावंसं वाटत होतं.

"पाठवला कोड," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटं चालेल. वाचा."

बायको वाट बघत राहिली. "आला नाही."

"गेलाय. शेवटचे तीन आकडे चार, शून्य, नऊ."

"हा माझा नंबर नाही," बायको म्हणाली. मग सरांकडे वळली. "अहो, कुणाचा दिलात?"

सर छतावरून खाली आले. "तोंडपाठ असलेला, असं लिहिलं होतं गं."

"म्हणजे तीस वर्षांत माझा नंबर तुम्हाला…" ती बोलता बोलता थांबली. चार, शून्य, नऊ. तिलाही कळलं. "भाऊजींचा?"

सरांनी मान हलवली. तिचा राग आला तसाच उतरला. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काउंटरवरच्या बाई तिघांमध्ये व्यवहारी होत्या. "भरवशाची व्यक्ती हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि अर्ज. नव्वद दिवस लागतात."

"उद्या पुसलं जाणार आहे हो सगळं," बायको म्हणाली. "त्यात आवाज आहे त्यांच्या भावाचा."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "कोड गेलाय आणि पोचल्याचं दाखवतोय. म्हणजे तो नंबर कुणाकडे तरी आहे. तेरा मिनिटं आहेत. लावून बघा."

बायकोने आपला फोन सरांच्या हातात दिला. सरांनी आकडे दाबले. त्यासाठी त्यांना बघावंही लागलं नाही. रिंग वाजायला लागली. दीड वर्षात त्यांनी रोज लिहिलं होतं, पण रिंग एकदाही दिली नव्हती. न जाणो, कुणी उचललाच तर.

कुणीतरी उचलला. "लाँड्री!" एका बाईचा खणखणीत आवाज.

"नमस्कार. माफ करा. तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल, तो मला…"

"ठेवा फोन! लाज नाही वाटत? कोड कुणाला सांगू नका म्हणून दिवसभर सरकार ओरडतंय."

"बाई, मी चोर नाही. फोन माझाच आहे."

"सगळे तेच म्हणतात," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. हे वाक्य सरांनी आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकलं.

 काय सांगणार? दाखल्यावर प्रशांत महासागराचं नाव होतं. नऊ मिनिटं उरली होती. बायको दंडाला धरून म्हणत होती, "बोला ना, अहो, काहीतरी बोला." आणि सरांची नजर, व्हायचं तेच झालं, काउंटरपलीकडच्या खिडकीबाहेर गेली. पश्चिमेकडून एक रुंद, खालून सपाट, काळपट ढग घाईने येत होता. सरांच्या तोंडून आपोआप शब्द गेले.

"तुम्ही शहराच्या कुठल्या बाजूला आहात?"

"पूर्वेला. का?"

"बाहेर कपडे वाळत असतील तर आत घ्या. मोठा काळा निघालाय, पोकळ नाही. अर्ध्या तासात तुमच्याकडे पोचेल."

 फोनमधून लाँड्रीतल्या मशीनची घरघर ऐकू आली. मग बाई अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी सातला लिहिता ते तुम्ही?"

"हो," सर म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"मग सात दिवस कुठे होतात तुम्ही?" बाई एकदम भडकल्या. "दवाखान्याच्या साठ चादरी भिजल्या माझ्या सोमवारी! सहा महिने झाले हा नंबर मिळून. रोज तुमचा मेसेज बघते आणि मगच दोऱ्या बांधते. सुरुवातीला वाटलं, सरकारी योजना आहे. नवरा म्हणाला, इतकं बरोबर येतं म्हणजे सरकारी नसणार. मग एकदा तुम्ही लिहिलंत, 'आज आभाळ मोकळं आहे, दादा. आठवण येते.' तेव्हा कळलं."

"तुम्ही… कधी उत्तर नाही दिलंत," सर कसेबसे म्हणाले.

"घाबरले हो. उत्तर दिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, की दादा नाहीत इथे. मग तुम्ही थांबला असतात." बाईंनी घरघरणारं मशीन बंद केलं. "कोड घ्या लिहून. अडुसष्ट, शून्य दोन, एकतीस."

बायकोने तो तळहातावर लिहिला. काउंटरवरच्या बाईंनी तो टाकला. टॉवेलातला फोन गोड आवाजात म्हणाला, "मालकाची ओळख पटली आहे," आणि मग, आठवडाभरात प्रथमच, गप्प बसला. सर तिथेच बाकावर बसले आणि रडले. इतके दिवस रडायचं राहूनच गेलं होतं. रांगेतल्या लोकांना वाटलं, फोन महागाचा असेल.

"भरवशाची व्यक्ती बदलायची ना आता?" काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढे केला.

सरांनी बायकोकडे बघितलं. तिने अर्ज परत सरकवला. "राहू द्या तोच. काम करतो." मग दारातून बाहेर पडताना म्हणाली, "माझा मात्र घरी पोचेपर्यंत पाठ करायचा. म्हणा माझ्यामागे." आणि भूगोलसर बसमध्ये, सगळ्या प्रवाशांसमोर, बायकोचा नंबर दोन-दोन आकड्यांनी म्हणत घरी आले.

शुक्रवारी सकाळी सरांनी आधी दादांचा निरोप ऐकला. "ऐक रे. आज काही नाही, नुसतं निळं. बाकी ठीक." मग ते गच्चीत गेले. आज बायकोही मागोमाग आली, हातात छत्री घेऊन, सवयीने. सात वाजता सरांनी लिहिलं: 'पश्चिमेला दोन लहान. वारा बरा आहे. दुपारपर्यंत चादरी घाला.' पाठवलं आणि सवयीप्रमाणे फोन खिशात टाकला.

खिशात फोन वाजला. सरांनी बघायला जरा वेळ घेतला.

'पोचलं. घालते,' असं लिहिलं होतं. आणि खाली: 'दोन्ही ढग आले की कळवते.'